डेन्मार्कचे मध्ययुगीन राजे वाचायला घेताय? यादी बाजूला ठेवा, सोयरिकी बघा

डेन्मार्कच्या जुन्या राजांचं वाचायला घेतलं की बहुतेक जण पहिल्या आठवड्यातच वैतागतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही, नावंच तशी आहेत. स्वेन, क्नूड, हाराल्ड, एरिक, वाल्देमार, क्रिस्तोफर, परत एरिक, परत एरिक. एकूण एरिक सात झाले, त्यातला पाचवा बाप आणि सहावा त्याचा मुलगा. माझं एमए इतिहासात, कोल्हापूरला, तिथे आमच्या अभ्यासक्रमात डेन्मार्क म्हणजे फक्त तमिळनाडूतल्या तरंगमबाडीची डॅनिश वखार, तीही अर्ध्या पानात. नंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे डेन्मार्कला येणं झालं, भाषा शिकणं भागच होतं, आणि भाषेच्या निमित्ताने हे राजे जे मागे लागले ते आजपर्यंत. आता ओळखीतली दोन-चार मुलं विचारतात की ताई, सुरुवात कुठून करू, कुठलं पुस्तक घेऊ, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

पहिलं म्हणजे ती गोर्म दि ओल्डपासून सुरू होणारी यादी पाठ करायला जाऊ नका. गोर्म, त्याचा मुलगा हाराल्ड ब्लूटूथ, त्याचा मुलगा स्वेन, त्याचा मुलगा क्नूड, इथपर्यंत सरळ रेषेत चालतं आणि मस्त वाटतं. येलिंगचा मोठा दगड आहेच, त्यावर हाराल्ड स्वतःच सांगतो की आईबापांच्या स्मरणार्थ हे उभारलं, सगळा डेन्मार्क आणि नॉर्वे मी जिंकला आणि डेन लोकांना ख्रिस्ती केलं. त्याच दगडावरचं ख्रिस्ताचं चित्र आजच्या डॅनिश पासपोर्टात आहे, आणि आपल्या फोनमधलं ब्लूटूथचं चिन्ह म्हणजे ह्या हाराल्डच्या नावाची दोन रून अक्षरं (रून म्हणजे तिकडची जुनी लिपी) एकात एक गुंफलेली. पुढे स्वेनने १०१३ मध्ये इंग्लंड घेतलं आणि काही आठवड्यांतच मेला, क्नूडने १०१६ मध्ये ते परत घेतलं, १०२७ मध्ये जर्मन सम्राटाच्या राज्याभिषेकाला रोमला जाऊन आला आणि तिथून प्रजेला पत्र धाडलं की आपल्या व्यापाऱ्यांना आणि यात्रेकरूंना वाटेतल्या टोलमध्ये सूट मिळवली आहे. मला तर समुद्राला मागे हट म्हणणाऱ्या क्नूडच्या गोष्टीपेक्षा हा टोलवाला क्नूड जास्त खरा वाटतो. पण हा भाग सगळ्यांनाच येतो, त्यावर सिरीज निघाल्यात, आणि तेवढ्यावर राहिलात तर पुढच्या दोनशे वर्षांचं डोक्यात काहीच शिरत नाही.

राजांपुढचे आकडेसुद्धा फार मनावर घेऊ नका, ते त्या काळचे नाहीतच, नंतरच्या लोकांनी चिकटवलेत. पोमेरानियाचा एरिक घ्या. माणूस एकच, पण डेन्मार्कमध्ये तो सातवा, नॉर्वेत तिसरा आणि स्वीडनमध्ये तेरावा. स्वीडनवाल्यांनी सोळाव्या शतकात जुन्या काल्पनिक राजांची भर घालून रांग लांबवली, त्यामुळे त्यांचा आजचा राजा कार्ल सोळावा असला तरी पहिले सहा कार्ल कधी झालेच नाहीत. तेव्हा नोट्स काढताना आकडा नको, टोपणनाव आणि बापाचं नाव लिहा. एरिक प्लोवपेनिंग, वाल्देमार सेयरचा मुलगा, असं. नांगरावर कर बसवला म्हणून प्लोवपेनिंग. हे लक्षात राहतं, चौथा एरिक राहत नाही.

सुरुवात माझ्या मते ११३१ पासून करा. कारण सांगते.

त्या वेळी गादीवर होता म्हातारा नील्स. स्वेन एस्ट्रिडसन नावाच्या राजाचे पाच मुलगे एकामागून एक राजे झाले, त्यातला हा शेवटचा. नील्सचा मुलगा माग्नुस, आणि पुतण्या क्नूड लावार्ड. पुतण्या दक्षिण सीमेवरच्या श्लेस्विगचा कारभार बघायचा, लोकांत प्रिय, जर्मन राजाशी त्याचं चांगलं सूत, म्हणजे उद्या गादीचा वाद झाला तर पारडं कुणाचं जड ते माग्नुसला स्वच्छ दिसत होतं. रोस्किल्डला नाताळ झाला, सगळं गोडीगुलाबीत, आणि मग ७ जानेवारी ११३१ ला माग्नुसने चुलतभावाला हाराल्डस्टेडच्या रानात भेटायला बोलावून त्याचा काटा काढला. क्नूडची बायको गरोदर होती. आठवड्याभराने मुलगा झाला आणि त्याचं नाव ठेवलं वाल्देमार.

इथे थांबा आणि विचारा, आत्तापर्यंत डेन्मार्कच्या राजघराण्यात कुणाचं नसलेलं हे नाव आलं कुठून? बायको इंगेबोर्ग होती कीएवची राजकन्या, तिचे आजोबा व्लादिमीर मोनोमाख, त्यांच्या नावावरून वाल्देमार. आता अजून एक पायरी मागे जा. इंगेबोर्गचा बाप म्स्तिस्लाव, त्याची आई गीथा, आणि गीथाचा बाप हॅरोल्ड गॉडविनसन, तोच जो १०६६ मध्ये हेस्टिंग्जच्या लढाईत पडला. म्हणजे वाल्देमारचा खापरपणजोबा इंग्लंडचा शेवटचा अँग्लो-सॅक्सन राजा. बाप मेल्यावर गीथा आश्रयाला आली ती डेन्मार्कलाच, स्वेन एस्ट्रिडसनकडे, कारण स्वेन आणि हॅरोल्ड आते-मामे भाऊ, आणि तिथून तिला कीएवला दिली. बाप ते मुलगा एवढीच रेघ ओढत बसलात तर ह्यातलं काहीही दिसत नाही. मुलगी कुठून आणली आणि कुठे दिली हे बघायला लागलात की लंडन ते कीएव एकच नकाशा होतो.

पुढे भाऊबंदकी जी पेटली ती सव्वीस वर्षं. ४ जून ११३४ ला फोटेविकला लढाई झाली, क्नूड लावार्डचा भाऊ एरिक जर्मन घोडेस्वार घेऊन आला, माग्नुस पडला आणि त्याच्याबरोबर पाच बिशपसुद्धा. बिशप लढाईत काय करत होते हा प्रश्न मलाही पडला होता, उत्तर असं की त्या काळी बिशप म्हणजे स्वतःची माणसं बाळगणारा सरदारच. म्हातारा नील्स पळून गेला तो नेमका श्लेस्विगला, म्हणजे ज्या गावात क्नूड लावार्डला मानणारे लोक, त्यांनी त्याला तिथेच मारला. मग एरिक राजा झाला, तोही भर सभेत मारला गेला, मग आणखी एक एरिक, आणि शेवटी तीन पोरं समोरासमोर: एरिकचा मुलगा स्वेन, खुनी माग्नुसचा मुलगा क्नूड, आणि आपला वाल्देमार. ११५७ मध्ये तिघांनी राज्य वाटून घेतलं, आणि त्याच ऑगस्टमध्ये रोस्किल्डच्या मेजवानीत स्वेनच्या माणसांनी तलवारी उपसल्या. क्नूड जागीच गेला, वाल्देमार मांडीला जखम घेऊन अंधारात निसटला, ऑक्टोबरमध्ये ग्राथेच्या माळावर त्याने स्वेनला हरवला, आणि पळणाऱ्या स्वेनला एका शेतकऱ्याच्या कुऱ्हाडीने संपवलं असं सांगतात.

आता सोयरीक बघा. खुनी माग्नुसची बायको रिकेझा, पोलंडच्या ड्यूकची मुलगी. नवरा गेल्यावर तिने मिन्स्ककडच्या राजपुत्राशी लग्न केलं, तिथे तिला मुलगी झाली सोफिया, मग रिकेझा पुढे स्वीडनच्या राजाकडे गेली. ह्या सोफियाशी लग्न कुणी केलं, तर वाल्देमारने, त्याच ११५७ मध्ये. ज्याच्या बापाला माग्नुसने मारलं त्याने माग्नुसच्याच विधवेची मुलगी केली, कारण ती मारल्या गेलेल्या क्नूडची सावत्र बहीण, म्हणजे क्नूडच्या बाजूचे लोक आपोआप ह्याच्याकडे. भांडण मिटवण्याची ही तऱ्हा आपल्याकडच्या कुठल्याही घराण्याचा इतिहास वाचलेल्याला समजावून सांगावी लागत नाही.

ही सगळी गोष्ट आपल्याला माहिती कशी? मुख्यतः साक्सोमुळे. साक्सो ग्रामाटिकुस, लॅटिनमध्ये सोळा भागांचा डेन लोकांचा इतिहास लिहिणारा, हॅम्लेटची मूळ गोष्टही त्याच्यात आहे, आमलेथ नावाने. वाचायला जबरदस्त माणूस. पण त्याला हे काम दिलं आर्चबिशप आब्सालोनने, आणि आब्सालोन वाल्देमारबरोबर लहानाचा मोठा झालेला, त्याचा उजवा हात. म्हणजे जिंकलेल्या पार्टीचा माणूस लिहितोय, माग्नुस काळाकुट्ट आणि वाल्देमार धुतल्या तांदळासारखा असणारच. म्हणून त्याच्याबरोबर रोस्किल्डचा छोटा क्रॉनिकल वाचा, ११३८ च्या आसपासचा, कोण जिंकणार हे ठरायच्या आधी लिहिलेला. त्यात नील्सबद्दल बरं लिहिलंय आणि एरिकला चांगलं झोडपलंय. माझा सल्ला असा की आधी हा, मग साक्सो. उलट केलंत तर साक्सोची भाषा इतकी चढते की बाकी सगळं फिकं वाटतं.

आणि मग एकदा रिंगस्टेडला जा, कोपनहेगनहून ट्रेनने तासाच्या आत. सांक्त बेंट्स चर्चमध्ये मधल्या वाटेवर जमिनीत राजांच्या कबरी आहेत, लोक सरळ शेजारून चालत जातात. हे चर्च म्हणजे विजयाचं स्मारक आहे हे माहीत असेल तरच त्याची मजा. ११७० मध्ये वाल्देमारने इथे एकाच दिवशी दोन कामं उरकली, मारल्या गेलेल्या बापाला संत म्हणून वेदीवर बसवलं आणि स्वतःच्या सात वर्षांच्या मुलाला राजमुकुट घातला. राजाची निवडणूक-बिवडणूक राहू दे, आता गादी आमच्याच घरात, असं त्यातून सांगितलं. १८५५ मध्ये फ्रेडरिक सातव्याच्या वेळी ह्या कबरी उघडल्या तेव्हा वाल्देमारच्या कबरीत शिशाचा पत्रा सापडला, दोन्ही बाजूंनी कोरलेला. एका बाजूला देशाचा मुक्तिदाता, शांतता राखणारा, र्‍युगेन बेट जिंकून तिथल्या लोकांना ख्रिस्ती करणारा अशा पदव्या, आणि दक्षिण सीमेवरच्या दानेविर्क तटबंदीची विटांची भिंत आणि स्प्रोगो बेटावरचा बुरूज बांधल्याचाही उल्लेख आहे. मला तो विटांचा उल्लेख फार आवडतो. कबरीत, जिथे कुणी वाचणार नाही तिथे, बांधकामाचा हिशोब. विटा तेव्हा डेन्मार्कमध्ये नव्याच आलेल्या, त्यामुळे मिरवण्यासारखी गोष्ट होती.

वंशावळ म्हणजे काय चीज असते हे शिकायचं असेल तर वाल्देमारच्या मुलीची केस घ्या, तिचं नावही इंगेबोर्ग. १४ ऑगस्ट ११९३ ला आमियाँला तिचं लग्न फ्रान्सच्या फिलिप दुसऱ्याशी झालं, आणि दुसऱ्याच दिवशी नवऱ्याने सांगितलं की ही मला नको. का, ते आजही कुणी खात्रीने सांगू शकत नाही. तीन महिन्यांत फिलिपच्या मर्जीतल्या बिशपांनी सभा भरवून एक वंशावळ पुढे केली की ही माझ्या पहिल्या बायकोची नात्यातली निघते, म्हणून लग्न रद्द. पोरगी अठराच्या आसपासची, फ्रेंच येत नाही, निकाल समजावून सांगितल्यावर तुटक लॅटिनमध्ये ओरडली, माला फ्रान्सिया, रोमा, रोमा! म्हणजे फ्रान्स वाईट, मी रोमकडे दाद मागते. भावाच्या दरबारातून मग मठाधिपती विल्हेल्मने दुसरी वंशावळ तयार केली, पिढ्या मोजून, की असं काही नातं नाहीच. आपल्या वतनाच्या भांडणांतले करीने आणि वंशावळी ज्यांनी चाळल्यात त्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल, कागद पूर्वजांच्या प्रेमापोटी लिहिलेला नाही, दावा जिंकायला लिहिलाय. प्रकरण वीस वर्षं चाललं, पोपने ११९९-१२०० मध्ये फ्रान्समधले धार्मिक विधीच बंद पाडले, आणि १२१३ मध्ये फिलिपने तिला परत राणीचा मान दिला, तोही इंग्लंडशी लढायचं होतं म्हणून, प्रेम उतू चाललं म्हणून नव्हे.

एकदा हा चष्मा लागला की पुढचं पटापट उलगडतं. एरिक प्लोवपेनिंगला १२५० मध्ये श्लाय खाडीवर मारलं, संशय सख्ख्या भावावर, आबेलवर. एरिकला मुली होत्या, एक नॉर्वेच्या राजाला दिली, एक स्वीडनच्या. बापाची इस्टेट मुलींना मिळाली नाही, आणि त्या वाट्यावरून नॉर्वेने पुढे डेन्मार्कशी युद्ध केलं. १४६९ मध्ये क्रिस्तियान पहिल्याने मुलगी मार्गारेट स्कॉटलंडच्या राजाला दिली, ६०,००० फ्लोरिन हुंडा ठरला, खिशात पैसे नाहीत, म्हणून ऑर्कनी बेटं ५०,००० ला गहाण ठेवली. उरलेले १०,००० रोख द्यायचे होते, त्यातले जमले २,०००, मग ८,००० साठी शेटलंडही गहाण. नंतर सोडवायचे प्रयत्न झाले, पण जमलं नाही. ती बेटं आज स्कॉटलंडमध्ये आहेत ती ह्या हुंड्यापायी.

मार्ग्रेट पहिली हा वेगळाच विषय आहे, तिच्यावर घाईने वाचू नका. दहा वर्षांची असताना १३६३ मध्ये नॉर्वेच्या राजाशी लग्न, मुलगा ओलुफ डेन्मार्क आणि नॉर्वे दोन्हीकडचा राजा, तो १३८७ मध्ये सतरा वर्षांचा होण्याआधी गेला, आणि तेव्हा सरदारांनी तिला निवडलं ते राणी म्हणून नाही, तर राज्याची मालकीण, घरधनी आणि पालक अशा अजब पदवीने. मग तिने बहिणीचा नातू दत्तक घेतला, तोच तो पोमेरानियाचा, तीन आकड्यांचा एरिक, आणि १३९७ मध्ये स्वीडनमधल्या काल्मारला त्याला तिन्ही देशांचा राजा म्हणून मुकुट घातला. नवख्यांसाठी इथे एक छान व्यायाम आहे. काल्मारहून दोन कागद आलेत. राज्याभिषेकाचा दस्त चर्मपत्रावर, खाली लोंबणाऱ्या शिक्क्यांची रांग, सगळं रीतसर. आणि तीन राज्यांच्या एकीच्या अटी ज्यात आहेत तो साध्या कागदावर, शिक्के वरच उमटवलेले. मग तो पक्का करार की नुसता मसुदा? ह्यावर इतिहासकार शंभराहून जास्त वर्षं भांडतायत. दोन्हींचे फोटो समोर ठेवा आणि आधी स्वतःचं मत लिहून काढा, मग लेख वाचा. बाईचा दरारा एवढा की मेल्यावरही ओढाताण, पुरलं होतं सोरोला, रोस्किल्डच्या बिशपने शव उचलून आपल्या कॅथेड्रलमध्ये आणलं. आजही तिथेच मुख्य वेदीमागे आहे.

आता कामाचं. भाषेशिवाय हे होत नाही. इंग्रजीत व्हायकिंग लोकांवर ढिगाने मिळतं, ११०० नंतरच्या डेन्मार्कवर फार थोडं. डॅनिश वाचता येण्यापुरती शिका, बोलणं राहू दे, ते उच्चार ह्या जन्मात जमणार नाहीत असं समजून चला, लिहितात रोस्किल्ड आणि म्हणतात रॉस्किले. लॅटिन थोडं तरी हवंच. सनदांचं लॅटिन साचेबंद असतं, अमुक तमुक देवाच्या कृपेने डेन आणि स्लाव्ह लोकांचा राजा, अशीच सुरुवात, दहा-वीस वाचल्या की साचा कळतो. जाता जाता, ती वेंड म्हणजे स्लाव्ह लोकांची पदवी क्नूड सहाव्यापासून सुरू झाली आणि डॅनिश राजे १९७२ पर्यंत मिरवत होते, हातात एक इंच जमीन नसताना! ह्या सनदा डिप्लोमाटारियम डॅनिकुम नावाच्या प्रकल्पात फुकट ऑनलाइन आहेत, बऱ्याच ठिकाणी लॅटिन आणि आजचं डॅनिश दोन्ही. भारतात बसूनही वाचता येतील. डेन्मार्कमध्ये असाल तर लायब्ररी कार्ड लगेच काढा, देशातल्या कुठल्याही लायब्ररीतलं पुस्तक तुमच्या गल्लीतल्या लायब्ररीत मागवता येतं, आणि फोल्केयुनिव्हर्सिटेटच्या संध्याकाळच्या व्याख्यानांना जा, परीक्षा नाही, डिग्री लागत नाही, बहुतेक श्रोते रिटायर्ड आजी-आजोबा, आणि त्यांना साक्सो तोंडपाठ.

करिअरचं विचाराल तर स्पष्टच सांगते, मध्ययुगीन इतिहासात जागा फार कमी. युरोपियन युनियनबाहेरच्यांना मास्टर्सची फी भरावी लागते आणि ती झोंबते. पीएचडी मात्र इथे नोकरी समजतात, तीन वर्षं पगार, पण त्या एका जागेसाठी सगळ्या युरोपातले लोक रांगेत, ज्यांनी लॅटिन शाळेत केलंय. फक्त राजांवर भिस्त ठेवून येऊ नका. आपल्या हातात एक पत्ता आहे जो त्यांच्याकडे नाही. तंजावरच्या मराठ्यांचा तरंगमबाडीच्या डॅनिश लोकांशी सततचा व्यवहार होता, आणि त्यातली मोडी कागदपत्रं डेन्मार्कमधल्या संग्रहांत आहेत. मोडी, डॅनिश आणि थोडी जुनी जर्मन लिपी असं तिन्ही वाचता येणारं माणूस शोधून सापडत नाही. ते मध्ययुग नाही, मान्य, पण गाठीला एक असा विषय ठेवा आणि वाल्देमार रविवारी वाचा, मी तेच करते. पुण्या-मुंबईत मोडीचे वर्ग चालतात, इकडे यायच्या आधीच करून या, इथे शिकवणारं कुणी मिळणार नाही.